किल्ली फिरवल्यासारखा हात

आमी मूळचे तेलुगू, आज्जा माग चालवायला सोलापुरात आला, माजा जन्म हितला, साखर पेठेतला. पेठ म्हंजे काय सांगू तुमाला, घराघरात माग, पहाटेपासनं खटाखट, पुढच्या खोलीत चादर विणायची, मागच्या खोलीत भात शिजायचा, ओट्यावर बाया विड्या वळत बसायच्या, तेलुगूत भांडायच्या आन मराठीत समजूत काडायच्या. दार कुणाचं बंद दिसलं की आजारी हाय का म्हणून चार माणसं ठोठवायची.

मागाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत न्हाय, म्हणून आमी समदे ओठ वाचतो, हातानं बोलतो. माजी बायको लक्ष्मी कांड्या भरायची, मागाला लागणारं सूत गुंडाळायची, कारखान्याच्या त्या टोकाला ती, ह्या टोकाला मी, दिवसभर बोलणं चालू, आवाज न्हाय. सुट्टी झाली की ती दारातनं हात फिरवायची, असा, कुलपात किल्ली फिरवल्यासारखा. म्हंजे चला घरी. तो हात दिसला की मी माग बंद करायचो.

मग मागच भंगारात गेले. पोरानं तिकडं लांब, जुळे सोलापुरात नव्या वस्तीत फ्लॅट घेतला, चला म्हणला. पोरगा गुणाचा हाय, त्याला बोल न्हाय लावत. पेठेतली खोली मी इकली, आन लक्ष्मीला सांगितलं, भाड्यानं दिलीय, परत जाऊ. खोटं बोललो की.

तितं लई शांत, शेजारी कोण ऱ्हातं त्येबी म्हाईत न्हाय. वरसाच्या आत तिला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. एक दिवस पलंगावरनं माज्याकडं बगून तिनं चांगला हात उचलला आन फिरवला. परत फिरवला. पोरगा म्हणला, बाबा, आई काय म्हणतीय? माज्या मनात आलं, खोली तर इकली, कुठल्या घरी नेऊ हिला मी? पोराला म्हणलं, हात अवघडलाय तिचा. पोरगा बिचारा तेल आणून हात चोळत बसला, आन ती माज्या ओठाकडं बगत व्हती. ओठ वाचणारी बाई ती, तिला समदं कळलं. परत हात उचलला न्हाय तिनं. चार दिवसांनी गेली.

आता मी रोज रिक्षानं हितं येतो, आमच्या दारासमोर ह्या ओट्यावर बसतो. खोलीत कुणाचं तरी गोदाम हाय. शेजारी दोन माग अजून चालत्यात, कानाला बरं वाटतं. संध्याकाळी तेबी थांबले की मीच हात फिरवतो, तिच्यासारखा, आन मग त्या दाराकडं पाठ करून रिक्षात बसतो.

चहा घेतल्याबिगर जाऊ नका. आन घरी कुणी वाट बगत आसंल तर लौकर जावा, बाबा. सुखात ऱ्हावा.