पास क्रमांक २१४ आणि बदली कामगार

नाव: संबोधी नरेंद्र गजभिये, वय २६, व्यवसाय: कार्यक्रम व्यवस्थापन कंपनीत नोकरी, राहणार अन्नपूर्णा, इंदूर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, आज रविवार, दि. १२ मार्च २०२३ रोजी पलासियातल्या एका सभागृहात तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मिलच्या कामगारांचं संमेलन होतं. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडचा पास पाठवला होता. एका कोडवर एकच माणूस आत जातो. दारावर स्कॅनर माझ्या हातात होता.

सकाळी १०.२० ला पास क्र. २१४ हिरवा झाला. नाव चांगदेव सोनवणे. ११.०५ ला तोच पास घेऊन दुसरे गृहस्थ आले, स्कॅनर लाल झाला. ते म्हणाले, चांगदेव मीच, आधार कार्ड बघा. कार्ड खरं होतं. मग आत कोण बसलंय, याचं मला कुतूहल वाटलं. राग आलाच नाही.

आत तिसऱ्या रांगेत त्या पासवर आलेले पंढरीनाथ वाघमारे, वय ७०, बसले होते. आयोजक दिवाकरजींनी फसवणूक झाली म्हणून ठाण्यात फोन केला. गार्डने पंढरीनाथजींचा दंड धरला होता. मी विचारल्यावर ते म्हणाले, "चांगदेवची तबियत खराब होती, बेटा. मी त्याच्या बदलीवर आलो."

मला हे नवीन होतं. चांगदेवजींनी समजावलं की कायम कामगार रजेवर असला की त्याच्या जागी मिलमध्ये दुसरा लावायचे, तो बदली. पंढरीनाथजी चौदा वर्षं बदलीच राहिले आणि मिल बंद झाली. काल ताप होता म्हणून चांगदेवजींनी पास त्यांना पाठवला. सकाळी ताप उतरला, घरी राहवेना, म्हणून तेही आले. ते गार्डला म्हणाले, "गलती माझी. बदली लावल्यावर कायमवाल्याने यायचं नसतं."

मी यादी तपासली. त्यात फक्त कायम कामगार होते. यादी मी केलेली नाही, तरी मला लाज वाटली. मी तिथेच पंढरीनाथजींच्या नावाचा पास काढला. स्कॅनर हिरवा झाला. त्यांनी स्क्रीनवरचं नाव दोनदा वाचलं.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पंढरीनाथजींवर गुन्हा नोंदवू नये, ही विनंती.

जबाब वाचून दाखवताना त्यांच्या नावाच्या जागी 'तोतया इसम' असं निघालं. तिथे मी थांबवलं. ते खोडून 'पंढरीनाथ वाघमारे, मिल कामगार' असं लिहिल्यावर, सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे म्हणून सही करते.