नर्सबाई पळाल्या, झोळी काढा

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, आपले सरपंच महेंद्रराव; मुरबाडहून वेळात वेळ काढून आलेल्या डॉक्टर वर्षामॅडम; पहिल्या रांगेत बसलेल्या, सत्कारमूर्तींच्या कन्या श्वेताताई; आशाताई, अंगणवाडीताई, महिला मंडळ; आणि खुर्च्या रिकाम्या असताना खिडकीत चढून बसलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, आपणा सर्वांना सविनय जय भीम, नमस्कार.

आपल्या उपकेंद्राच्या नर्सबाई, आदरणीय रत्नप्रभाताई, आज सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या निरोपासाठी आपण या समाजमंदिरात जमलो आहोत. म्हणजे आपण जमलो आहोत, ताई जमलेल्या नाहीत. व्यासपीठावरच्या त्या रिकाम्या खुर्चीला हार घातलेला आहे. त्यावरून कुणी कृपया गैरसमज करून घेऊ नये. ताई धडधाकट आहेत. ताई पळायला गेल्या आहेत.

त्या परत येईपर्यंत मी बोलत राहावं, असा अध्यक्षांचा आदेश आहे. सगळी मुख्याध्यापकी 'गुरुजी, आवरा' हे ऐकण्यात गेली. 'गुरुजी, ताणा' असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं, तर मी का सोडू?

आता ताई भर कार्यक्रमात पळायला का गेल्या? पाहुण्यांसाठी सांगतो. श्वेताताई कल्याणला राहतात. मागे ताई विहिरीवर पाय घसरून पडल्या, तेव्हापासून लेकीचं एकच म्हणणं, निवृत्त झालीस की माझ्याकडे यायचं, एकटीनं राहायचं नाही. ताईंचं म्हणणं, मी इथंच राहणार. मायलेकी दोघी एकाच मातीच्या, कोण ऐकणार? शेवटी श्वेताताईंच्या ऑफिसात महिनाभर रोज पळण्याचं काहीतरी चॅलेंज निघालं. त्या म्हणाल्या, "आई, नोकरीच्या शेवटच्या महिन्यात तू रोज पळून दाखव. फोनमध्ये नोंद झाली पाहिजे. एक दिवस चुकला की सामान बांधायचं." ताई म्हणाल्या, "चालेल."

आज त्या महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळी वंदना झाली, मग पाहुणे, मग जेवणं, ताईंना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही आपण. आता दिवस मावळायच्या आत वरच्या पाड्यापर्यंत जाऊन आल्या तर ताई आपल्या, नाहीतर कल्याणच्या. एवढा साधा प्रश्न आहे.

पण मंडळी, आपल्याकडे विनाकारण पळतं कोण? बैल सुटला, वणवा लागला, एसटी निघाली तर माणूस पळतो. आणि नर्सबाई पळाल्या तर कोणीतरी बाळंतपणाला अडलंय, नाहीतर कुणाला पान लागलंय, म्हणजे साप चावलाय. वरच्या पाड्याला गाडी जात नाही. म्हणून बाई पळाल्या की बांबूला चादर बांधायची आणि झोळी घेऊन मागं पळायचं, पेशंट खाली आणायला. ही आपली रीत. ती कुणाला शिकवावी लागत नाही.

तर पहिल्या दिवशी पहाटे ताई बूट घालून निघाल्या. आपल्या पांडूनं पाहिलं. तो ओरडला, "नर्सबाई पळाल्या, झोळी काढा!" निम्मं गाव मागं. ताई पळता पळता सांगतायत, "अरे, कुणाला काही झालेलं नाही, मी नुसतीच पळते!"

पांडू म्हणतो, "नुसता कोन पळते, बाय? नाव सांगायचा नसंल तं नको सांगू."

वर पोचल्यावर पेशंट सापडेना. तिथली हिराबाई घरोघर विचारून आली, सगळे ठणठणीत. एकटा म्हादू काय तो अंथरुणात. हाका मारल्या, उठेना. म्हादू कधीच हाकेनं उठत नाही, पण गडबडीत ते कुणाला आठवतंय? उचलला, घातला झोळीत. पार धसईच्या बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर त्याला जाग आली. ताई मागून येऊन बघतायत तर हा झोळीत उठून बसलेला. म्हणतो, "आता आनलाच हाय तं बाजार करून जातो."

मॅडम, तुम्ही हसताय, पण झोळीमागं निम्मं गाव पळतंय हे कळल्यावर तुमचाच फोन आला होता ना, तिकडं साथ आलीय का म्हणून?

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना कळलं होतं की बाई नुसत्याच पळतात. तरी झोळी थांबली नाही. पांडूचं म्हणणं, "आमी नाय गेलो, नि त्याच दिवशी खरा पेशंट निघाला तं?" याला उत्तर आहे का? मी सरकारी शिक्षक, माझ्याकडं नव्हतं. मग हिराबाई म्हणाली, रिकामी झोळी खाली कशाला न्यायची? तिची वांगी, कारली झोळीतून बाजाराला जायला लागली. ताई पुढं, मागं भाजी. मी स्वतः छत्री घेऊन सोबत जात असे. पळत नसे. मार्गदर्शन करत असे.

आणि काय सांगू, गावाचं प्रेम बघा, मध्ये एकदा बांधावर ताईंचा पाय मुरगळला, उभं राहवेना, तर या माणसांनी भाजी उतरवून ताईंना झोळीत घातलं, हातात फोन दिला आणि पळवत वर नेऊन परत आणलं! फोनला काय कळतंय, पाय कुणाचे आहेत ते?

अध्यक्ष महोदय, माझा सदरा ओढू नका. मी ताणतोच आहे... अरेच्चा. हे श्वेताताईंसमोर बोलायचं नव्हतं, नाही का?

श्वेताताई, झालं ते झालं. आता सरळच बोलतो. तुमची भीती खोटी नाही. आई विहिरीवर पडली आणि तुम्ही तिथं कल्याणला, तुमचा जीव कसा झाला असेल? पण त्या दिवशीही त्यांना उचलायला हीच झोळी आली होती. आम्ही लबाडी केली, कारण आम्हाला त्या हव्यात. उद्या नवीन सिस्टर येतील, चांगल्याच असतील. पण पहाटे दार उघडून कुणाच्या पाठीमागं पळायचं, हे आम्हाला माहीत नसेल. मला फार वाईट वाटेल हो. गुच्छ देऊन ते भरून निघणार नाही.

आता गुच्छाचा विषय निघाला म्हणून... अध्यक्ष महोदय, या गुच्छाखाली हे काय वाजतंय? फोन? हा तर ताईंचा फोन!

ताई फोन इथंच विसरल्या. म्हणजे त्या तिकडं पळतायत आणि नोंद इथं टेबलावर बसलीय.

श्वेताताई, तुम्ही उठलात का? कृपया रागावू नका, बसून घ्या, चहा येतोय. फोन कशाला घेताय? चपला कशाला काढताय? श्वेताताई! ओ ताई, दिवस मावळायला आलाय, त्या वाटेला दगड आहेत...

काय म्हणाल्या? मंडळी, शांतता राखा, दारातून त्या काय म्हणाल्या? "गुरुजी, तुम्ही बोलत राहा!"

बोलतो! जरूर बोलतो! पहिल्या रांगेतून अशी विनंती मला आजवर कुणी... पांडू, तू ओरडू नकोस. होय, बाईंची पोर पळाली, मला दिसतंय. झोळीची गरज नाही. पांडू! मंडळी, जागेवरून उठू नका, अजून आभार व्हायचे आहेत. हिराबाई, निदान तुम्ही तरी... मॅडम, पेटी घेऊन कुठं? कुणाला काही झालेलं नाही! विद्यार्थ्यांनो, आज एक दिवस दारातून जा. अध्यक्ष महोदय, तुम्हीसुद्धा?

बरं.

उपस्थित खुर्च्यांनो, अध्यक्षांच्या खुर्चीच्या परवानगीनं समारोप करतो. दारातून मला ओढ्यावरच्या मोरीपर्यंतची वाट दिसते. ताई परतीला लागल्यात. लेक त्यांच्यापर्यंत पोचली. फोन आईच्या हातात दिला आणि त्यांना वळवून पुन्हा वर घेऊन निघाली. बरोबर आहे, नोंद पहिल्यापासून व्हायला हवी. मागं झोळी आहे, तीत बहुधा अध्यक्ष आहेत. उन्हं अजून डोंगरावर आहेत. जमेल.

माईकवाल्या मंडळींचे, चहावाल्यांचे आणि जे जाता जाता माझ्याकडं वळून हसले त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं गुपित फुटलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घालावं. आणि मागच्या फलकावर 'निरोप' असं लिहिलं गेलंय, तेवढी चूक पदरात घ्यावी. तो फलक मी आता उतरवतो, खुर्चीवरचा हार घेतो आणि निघतो. आज छत्री इथंच ठेवतोय, पळताना अडचण होते.