दया की करुणा

पुस्तकांच्या दुकानात, बायबलच्या कपाटापाशी, माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते.

“ताई, हे नवं भाषांतर घेऊ या. सोपं आहे.”

“आईच्या प्रतीची पानं सुटली म्हणून आलोय ना आपण? मग तेच जुनं घेऊ. तिला ते तोंडपाठ आहे.”

“म्हणूनच नवं हवं. जिथे आई ‘करुणा’ म्हणते, तिथे ह्यात ‘दया’ आहे.”

“अरे, एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी वाचणाऱ्याला झापते ती!”

“तेच तर हवंय मला. डॉक्टर म्हणाले ना, तिला ऐकू येत असेल? चुकीचं ऐकून तिला राहवणार नाही. डोळे उघडेल, बोलेल. मला गाढव म्हणाली तरी चालेल.”

बहिणीने जुनी प्रत कपाटातून काढली आणि न उघडताच परत ठेवली.

“काय झालं ताई? पटत नाही का?”

“काल शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडून हेच नवं मागून घेतलं मी. आईच्या कानाशी बसून तिचं आवडतं स्तोत्र वाचलं.”

“‘दया’च म्हणालीस?”

“मुद्दाम. मोठ्यांदा.”

“मग?”

“शेवटपर्यंत वाचू दिलं रे तिने.”