सांडव्यावरची पोती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सरपंच घनश्यामजी, मंचावरचे तलाव समितीचे सारे सन्माननीय, ज्यांना आपण निरोप देत आहोत ते डॉक्टर योगराजभाऊ, आणि मागे सतरंजीवर बसलेली तलावाखालच्या माझ्या टोलीची, आमच्या वस्तीची माणसं, सर्वांना पुष्पाबाईचा नमस्कार.

मला दोनच शब्द बोलायला सांगितलं आहे, आणि तेही गोड. प्रयत्न करते.

योगराजभाऊंनी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात दोन हिवाळे काढले. बर्फाखालचं पाणी वाट कशी काढतं, हे शोधता शोधता ते मोठे शास्त्रज्ञ झाले. नोकरी संपल्यावर इथे परतले, कारण आपला तलाव त्यांच्याच पणजोबांनी बांधलेला. आपण त्यांना काय म्हणायचो? बर्फवाले साहेब. तेही हसत.

त्यांचं सांगणं एकच होतं. उन्हाळी धानाला जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर मातीची पोती रचू नका. जास्तीचं पाणी सांडव्यातून निघालं नाही तर तलावाची पाळ फुटेल, बांधच वाहून जाईल. समिती म्हणाली, बर्फातल्या माणसाला धानातलं काय समजतं! गेल्या भादव्यात पाळ फुटली आणि तलाव आमच्या टोलीत शिरला. तेव्हा समिती कुठे होती? योगराजभाऊ कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. त्यांनी माणसं काढली आणि दिवाळीपर्यंत सारी टोली आपल्या घरी ठेवली. माझ्या सासूबाई, शकुंतलाबाई, तेवढ्या हाती लागल्या नाहीत.

चौकशीत भाऊंनी पोत्यांचं खरं सांगितलं. मग गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी कोणी बसेना. ध्रुवावरही इतकं एकटं वाटलं नव्हतं, असं ते मला एकदा म्हणाले. म्हणून ते चालले आहेत, आणि आपण शाल देतो आहोत. लाज वाटते मला या शालीची.

जाताना त्यांनी समितीकडे मागितलं ते इतकंच की, पाळ नवी झाली, आता सांडवा मोकळा ठेवा. समितीनं मान डोलावली. काल मी जाऊन पाहिलं, पोती पुन्हा रचलेली आहेत. सोबत टोलीतला आमचा सुकराम होता. तो म्हणाला, "बाई, आता पानी आलं त आमाले काढाले कोन येईन?"

कोणी येणार नाही. म्हणून टोलीनं कुदळी, फावडी आणली आहेत, बाहेर ठेवली आहेत. इथून उठून आम्ही सरळ सांडव्यावर जाणार.

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. पोती काढल्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.