उसने डोळे

(लातूर. फोटो-फ्रेमचं दुकान. संगणकावर सुकन्याच्या वडिलांचा फोटो. उद्या त्यांचा तेरावा.)

लालमहंमद : आता बघ. सर जित्ते बसल्यावानी दिसून राहिलेत का न्हाई?

सुकन्या : लालचाचा, हे डोळे कुणाचे?

लालमहंमद : तू दिलेल्या फोटूत मिटलेले होते ना, बेटा. मी उघडून दिलो.

सुकन्या : ते कळलं. कुणाचे?

लालमहंमद : हाय एक गिऱ्हाईक, उदगीरचं. वय सारखंच. कुणाला कळत न्हाई गं. ह्या गल्लीतल्या किती मयतांचे डोळे मीच उघडलेत.

सुकन्या : आणि मागं बर्फाचे डोंगर?

लालमहंमद : ते माझ्या मनानं टाकलो. सरांना विलायती चित्रांचा लई शौक. ड्रॉइंगच्या तासाला तेच दाखवायचे आम्हाला.

सुकन्या : डोंगर कधी दाखवले? हॉलंडचं दाखवायचे. खाली बोटभर जमीन, वर सगळं आभाळ. म्हणायचे, हे बघा, आपलं चाकूर.

लालमहंमद : हाव! त्यात एक गाय होती. मी म्हणलो, सर, ही आपल्याकडची देवणी गाय न्हाई. छडी खाल्लो.

सुकन्या : डोंगर काढा.

लालमहंमद : काढतो. मागं काळं करू?

सुकन्या : तपकिरी. रेम्ब्रांटच्या चित्रांत असतं तसं. आणि सुरकुत्या परत आणा, गालावरचा ऑक्सिजनच्या नळीचा वळसुद्धा. त्या माणसानं म्हातारपणी स्वतःचंच तोंड रंगवलं. सुजलेलं नाक, लोंबलेली कातडी, काही सोडलं नाही. बाबा ते चित्र किती वेळ बघत बसायचे.

लालमहंमद : पर तुझ्या भावाचा, सत्यमचा फोन आलता. म्हणला, डोळे उघडेच ठेवा. दुसरा फोटूच न्हाई का घरी?

सुकन्या : शाळेचे सगळे फोटो बाबांनीच काढले. म्हणून ते एकातही नाहीत. आधार कार्डावरचा मोठा केला की फुटतो.

लालमहंमद : मग ह्यो कवा काढलास?

सुकन्या : नांदेडला, दवाखान्यात. सकाळी खिडकीतून उजेड आला. अर्धा चेहरा उजळला, अर्धा अंधारात. मला वाटलं, काय सुंदर... बाप मरतोय आणि मी उजेड बघत होते, चाचा.

लालमहंमद : सरांनीच शिकवलं ते. गुन्हा न्हाई.

सुकन्या : मग डोळे मिटलेलेच राहू द्या.

लालमहंमद : तुझा भाऊ भांडंल.

सुकन्या : त्यानं आईला सांगितलंय, बाबांनी शेवटी डोळे उघडले, तिचं नाव घेतलं. म्हणून त्याला असा फोटो हवाय.

लालमहंमद : आन् उघडलेच नव्हते?

सुकन्या : नाही. नऊ दिवस.

लालमहंमद : काकूला त्यावर झोप लागत आसंल तर राहू दे की. तुझं काय जातंय?

सुकन्या : ती रोज मला विचारते. नाव कसं घेतलं? हळू, की मोठ्यानं? मी भांडी आवरायला लागते. उद्यापासून ती ह्या फोटोपुढं बसणार. उदगीरच्या कुणाच्या तरी डोळ्यांत बघत.

लालमहंमद : ...घे. मिटले. हेच ना?

सुकन्या : हेच.

लालमहंमद : आन् काकूनं पुन्यांदा विचारलं तर?

सुकन्या : आजच सांगते. उघडले नाहीत म्हणून. मी हात धरला होता, आणि तो शेवटपर्यंत गरम होता.