शेरूसाठी न धुतलेलं दुपटं

देवरीच्या स्टँडवर शकुंतलाबाईंच्या मांडीवरच्या पिशवीला वास येत होता. शेजारच्या ललिताबाईंनी पदर नाकाला लावून चौकशी केली.

“काय घेऊन चालल्या, बाई?”

“नातवाचं दुपटं. सुनेच्या माहेरून आणलं, न धुता.”

“न धुता काऊन?”

“आमच्या कुत्र्याले वास द्यायले. सव्वा महिना झाला का सून बाळाले घेऊन येते. शेरू बाळावर भुंकला, तं आमचा बुढा त्याले जंगलात सोडतो म्हणते.”

“मंग सोडू द्या ना. कुत्राच तं आहे.”

“नाही सोडू देत. सून लग्न होऊन आली, तवा शेरूनं पहिल्याच दिवशी शेपूट हालवली. बुढा वर्षभर गुरगुरत होता.”

“मंग आता?”

“आता दुपटं आधी बुढ्यालेच हुंगायले देईन.”