गुडघ्याचं विचारलं

औषधांच्या खिडकीपाशी रांगेत आजोबांचा नंबर दुसरा होता. पुढच्या आजी आतल्या फार्मासिस्ट बाईंशी हुज्जत घालत होत्या.

"गुडघ्याची गोळी द्या की हो!"

"नाही देणार, आजी. रक्त पातळ करायची गोळी घेता ना रोज? त्यात ही घेतलीत, तर पोटात रक्तस्राव व्हायचा."

"अगं, डॉक्टरांनीच लिहिलीय!"

"हाडांच्या डॉक्टरांनी. त्यांना ती रक्ताची गोळी चालू असल्याचं सांगितलंत?"

"त्यांनी गुडघ्याचं विचारलं, मी गुडघ्याचं सांगितलं."

"बसा तिथे. त्यांना फोन लावते."

"ते उचलत नाहीत."

"उचलेपर्यंत लावते."

"भारीच हट्टी बाई तू!"

"तुमच्याइतकी नाही. हं, रिंग वाजतेय. पुढचे कोण?"

आजोबांनी चिठ्ठी सरकवली. मग जरा घुटमळून, खिशातली दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठीही.